सुईण मधून उठत नाही

आमच्या गावातली निम्मी लेकरं माझ्या मायच्या हातात पडली. हे मी फुशारकीनं सांगत नाही. गाव केवढं, तर आरमोरीहून निघालेली एसटी फाट्यावर थांबली तर थांबली, नाहीतर धूळ उडवत पुढे गेली, एवढं. पण त्या गावात माझी माय सुईण होती आणि सुईणपणाचा तिचा एकच नेम होता. अडलेल्या बाईच्या पायाशी एकदा बसलं की लेकरू बाहेर येऊन वार पडेपर्यंत उठायचं नाही. चुलीवर भात करपू दे, घरी आलेला पाहुणा परत जाऊ दे, धानाच्या बांधीत रानडुकरं घुसू दे. "सुईन मधून उठली का बाईचा जीव घाबरते," ती म्हणायची, "अन् जीव घाबरला का कळा जिरतेत."

आम्ही बौद्ध. धम्म घेतला तेव्हा आमच्या मोहल्ल्यानं गावकीची जुनी कामं एका दमात टाकून दिली, आणि बरं केलं. मायनं सुईणपणही टाकावं असं विहारात बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं. "बाई, आता कायले जाता लोकाईच्या मागच्या दारानं?" मायनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मेलेलं ढोर पडून राह्यते भाऊ, त्याले घाई नाई. पोटातल्या लेकराले थांब म्हणून सांगून पाहा तुमी." पण मागच्या दारानं जाणं तिनं तेव्हापासून बंद केलं. पुढच्या दारानं बोलावलं तरच जायची, आणि मग हातातलं टाकून जायची.

बाळंतीण पाटलाची सून असो की तेंदूपत्त्यावर जाणारी कोणी, मायचं बोलणं एकच असायचं. "लाजू नको बाई. सोड. आपलंच घर हाय." कारण जोर देताना बाईला खालचं सगळंच सुटतं. माय ते फडक्यानं पुसून बाजूला सारायची, तोंड न वाकडं करता, बोलणं न थांबवता. बाळंतिणीच्या खोलीत घाण कोणाची हे कोणी विचारत नाही. लहानपणी तिच्यासोबत जाऊन उंबऱ्यापाशी पाणी तापवत बसायची मी, तेव्हापासून मला हे ठाऊक.

अशा बाईला नेमकं तेच दुखणं यावं! हे जो कोणी ठरवत असेल त्याला मी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, आणि अजून देते.

आधी रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून तिनं तिचं तिचं झाडपाल्याचं औषध केलं, कोणाला कळू दिलं नाही. आयुष्यभर बायकांचं सगळं पाहिलेली बाई, पण स्वतःचं दाखवायची वेळ आली तर पदर तोंडावर. वाळून काडी झाली तेव्हा बाबांनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याच्या शेवटाला गाठ होती, वाईट गाठ. ती कापून काढली, पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली, आणि काही महिन्यांनी ते भोक बुजवून आतडं पुन्हा खाली जोडलं. डॉक्टर म्हणाला, आता सगळं पहिल्यासारखं.

पहिल्यासारखं म्हणे! त्या डॉक्टरच्या हाताला गुण होता, त्यानं मायचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. पण मळ जिथे साठून राहतो तो आतड्याचा भागच कापून गेला होता आणि खालचं दार आवळून धरणारं मांस ढिलं पडलं होतं, हे त्यानं घरी पाठवताना सांगायला नको? आलं की आलं, थांब म्हणायची सोय नाही. वारा सरतोय म्हणावं तर तो नुसता वारा नसायचा. शिंक आली की मायचा चेहरा उतरायचा.

आमच्याकडे तेव्हा बायका उजाडायच्या आत टमरेल घेऊन सोबतीनं झुडपांकडे जात, आणि एकदा जाऊन आल्या की दिवसभर पोटाला कुलूप. मायला दिवसात किती वेळा जावं लागेल याचा भरवसा नव्हता. बाबा बांबूच्या डेपोत मजुरी करायचे. त्यांनी घरामागच्या सांदवाडीत, वांग्यामिरच्यांच्या पलीकडे, खड्डा खणून भोवती बांबूचे तट्टे उभे केले. गाव हसलं. घरातच संडास, बापा! बाबांनी तट्ट्याला दार असं घट्ट बसवलं की फटीतून चिमणी दिसू नये.

मायनं तिच्या परीनं एक उपाय काढला होता. जेवायचंच कमी. पोटात गेलं नाही तर बाहेर येईल काय? सकाळी घोटभर पेज, आणि मग दिवसभर काही नाही.

हे सगळं घडलं तेव्हा मी चंद्रपूरला सासरी होते. नवरा कोळशाच्या खाणीत, आणि मला पहिल्यांदाच दिवस गेलेले. मायचं ऑपरेशन झालं, टाके वाळले, एवढंच माझ्यापर्यंत आलं. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा दारात उभ्या असलेल्या मायला पाहून मी रडलेच. लुगड्याच्या आत नुसती हाडं, आणि कमरेला जुन्या धोतराच्या घड्या बांधलेल्या. मला जवळ घेण्याआधी ती एक पाऊल मागे सरली. वास येईल म्हणून. माझ्या मायनं, मला!

शेजारच्या काकीनं दुसऱ्याच दिवशी मला विहिरीवर गाठलं. काकी मायची लहानपणची मैतरीण, मनात काही ठेवणारी नव्हे.

"तुले कोणी सांगतलं नाई का वं? तुझी माय उठून पळाली ना."

"कुठून पळाली?"

"मोहल्ल्यातल्याच सुनेचं बाळंतपण होतं, धानाच्या रोवण्याच्या आधी. लेकराचं डोकं दिसून राह्यलं होतं, अन् ही उठली, अन् गेली पळत. मंग मी अन् तिच्या सासूनं धरलं लेकरू. झालं बरं, नाई असं नाई. पण सुईन असं करते का?"

"तिले त्रास हाय ना, काकी! तुमाले माहीत नाई का?"

"मले माहीत हाय. लोकाईले कोण सांगन? तिनं सांगू देल्लं नाई. आता पलीकडच्या गावची सुईन आणतेत समदे."

मी घागर तशीच टाकून घरी आले. माय तांदूळ निवडत होती. एका मांडीवर जरा कलून बसायची ती आता, केव्हाही उठता यावं म्हणून.

"माय, माझं बाळंतपण तुलेच करा लागते," मी म्हटलं. "पलीकडची सुईन मी उंबऱ्याच्या आत घेणार नाई."

तिनं सूप खाली ठेवलं. "अन् मी उठली तर?"

"नाई उठत तू."

"तुले काय माहीत?" ती म्हणाली. "लुगडं भरते त्याचं काई नाई, धुता येते. पण त्या पोरीनं माझ्याकडं पाह्यलं वं. मी दारातून वळून पाह्यलं तं ते माझ्याकडंच पाहून राह्यली होती. माझ्या पोटच्या पोरीनं तसं पाह्यलं तं मी कुठी जाऊ?"

मी सूप ओढून घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडत बसले. एरवी माझं तोंड कोणाला आवरत नाही.

नागपूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. होळीनंतर मायला त्यांच्याकडे पाठवलं होतं, आणि त्यांनी खालचं अंग आवळायचा व्यायाम दिला होता. माय तो न चुकता करत होती, सगळा पावसाळा, आणि दिवसेंदिवस जास्तच बिघडत होतं. मी म्हटलं, चल, मला पाहू दे त्या बाई काय शिकवतात ते. सातव्या महिन्याचं पोट घेऊन एसटीत बसायचं, तेही नागभीड-उमरेडच्या त्या रस्त्यानं! सासूला कळलं असतं तर तिनं चंद्रपुरातून खडे मारले असते. बाबा सोबत होते, पण ते दरवेळेसारखे बाहेरच्या बाकावर बसले. आत आम्ही दोघी गेलो.

मी शिक्षिकेसारख्या कडक बाई मनात धरून, भांडायच्या तयारीनं गेले होते. आत तर माझ्याहून लहान दिसणारी मुलगी, लग्नही न झालेली, पुस्तकासारखं स्वच्छ बोलणारी. तिनं मायला कुशीवर निजवलं, हातमोजा घातला आणि तपासायला बोट आत घातलं. मायनं माझा हात धरून डोळे मिटले.

"मावशी, आवळा आता."

मायनं दम कोंडला. कपाळाच्या शिरा वर आल्या, तोंड लाल झालं.

"मावशी, अहो, तुम्ही ढकलताय!"

"ढकलून नाई राह्यली बाई, आवळून राह्यली."

"माझं बोट बाहेर येतंय. आवळलं असतं तर आत ओढलं गेलं असतं. रोज असंच करता?"

"रोज. जमन तितका जोर लावून."

बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?"

"सुईन हाय." माय हे हळूच म्हणाली. होती म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"मग बाळंतिणीला जोर द्यायला सांगता ना, तसं सांगून दाखवा मला. मीच अडले आहे असं समजा."

"अवं माय! लगीन नाई झालं पोरीचं, अन् मी तिले जोर दे म्हणू?" मायला हसू आलं, किती दिवसांनी. पण बाईंनी सोडलं नाही. मग मायनं घसा साफ केला आणि सुरू झाली, "दे जोर बाई, दे! आला, आला, डोकं आलं! सोडू नको दम, दे!" तिचा जुना आवाज, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाणारा. पडदा सारून एका नर्सनं आत डोकावून पाहिलं. कोण बाळंत होऊन राह्यलं म्हणून.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात काढून घेतला, मोजा उतरवला आणि मायजवळ बसल्या. "मावशी, तुम्ही नुसतं सांगत नाही. सांगताना तुम्ही स्वतःही जोर देता. तुमच्या अंगाला तेवढंच ठाऊक आहे. आजवर जेवढ्या बायका बाळंत केल्यात त्या प्रत्येकीबरोबर तुम्ही बाळंत झाल्या आहात."

मायनं डोळे उघडले. तिला एकदम कळलं. मलाही. त्या सुनेच्या लेकराचं डोकं दिसलं, हिनं दे जोर म्हटलं, आणि हिचंच सुटलं. आणि त्यानंतर महिनोन्‌महिने ती इमानानं रोज तेच करत राहिली होती, जे करायचं नव्हतं.

मग बाईंनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. दम कोंडायचा नाही. पोट, मांड्या, ढुंगण ढिलं सोडायचं आणि नुसतं आतलं दार मिटून वर ओढायचं, विहिरीतून बादली वर ओढावी तसं. थोडा वेळ धरायचं, मग हळूच सोडायचं. आधी निजून, मग बसून, मग उभ्यानं. लागली म्हणून पळत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, वर ओढायचं, श्वास घ्यायचा, आणि जोर ओसरला की मग चालत जायचं. उपाशी राहायचं नाही, उपाशी आतडं जास्त खवळतं. भात, केळं, ताक वेळेवर खायचं, आणि सकाळी खाणं झालं की लागो न लागो, थोडं बसून यायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासाठी एक वेगळा व्यायाम. तोंडानं जोर दे म्हणायचं आणि अंग वर ओढायचं. हे जमलं तर तुम्ही पुन्हा कामाला जाल."

दोन-तीन वेळा जमलं नाही. मग एकदा बाई म्हणाल्या, "हां! हे. हेच." आणि माझी माय, जिनं एवढी लेकरं बाहेर ओढली, ती शाळेत शाबासकी मिळालेल्या पोरीसारखी लाजली.

घरी आल्यावर आमचं दोघींचं सुरू झालं. चटईवर दोघी शेजारी शेजारी, माझं पोट हे एवढं आणि तिचं खपाटीला गेलेलं. किती वेळ धरायचं यासाठी घड्याळ नव्हतं, म्हणून त्रिसरणाची एक ओळ मनात म्हणेपर्यंत, असं तिनंच ठरवलं. पहिल्या दिवशी ओशाळली.

"बुद्धाचं नाव अन् हे असं काम! चालते का वं?"

"काऊन नाई चालत?"

तिनं विचार केला. "नाई, चालन. त्याईनं कोणाचा विटाळ नाई मानला."

बाबा अंगणात दोर वळत बसायचे आणि सांदवाडीतून मायचा आवाज यायचा, "दे जोर बाई, दे!" तिथे बाई ना बाळंतीण. तट्ट्यापाशी एकटी उभी राहून, कमरेवर हात ठेवून ती वांग्याच्या झाडांना जोर द्यायला सांगायची. रस्त्यानं जाणारे थबकायचे. एकानं बाबांना विचारलंच, "काय भाऊ, गाय व्याली का?" बाबा म्हणाले, "व्याऊन राह्यली." मी आत हसता हसता पोट धरून खाली बसले. त्या घरात पुन्हा हसू आलं होतं, ते असं.

हळूहळू फरक पडला. धोतराच्या घड्या कोरड्या निघू लागल्या, सगळ्या दिवशी नाही, पण निघू लागल्या. माय दोन घास जास्त जेवू लागली. पौर्णिमेला तिनं पांढरं लुगडं काढलं. पांढऱ्यावर काय दिसणार नाही? विहारात ती दाराजवळच बसली, पण वंदना संपेपर्यंत बसली. परत येताना मला म्हणाली, "कमरेतून घाम फुटला वं, पण नाई उठली." त्यावर आम्ही दोघींनी चहा केला, साखर जास्त घालून.

माझी वेळ आली तेव्हा खळ्यात धान चुरणं चालू होतं. सकाळपासून कळा होत्या. दुपारी त्या अशा आल्या की मी मायलाच नाही, सासूला, नवऱ्याला, खाणीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. काकी माझ्या पाठीशी बसून मला धरून होती, माय पायाशी. बाबांना बाहेर काढलं होतं. ते सांदवाडीत उगाच झाडांना पाणी घालत होते, दिलेलंच पुन्हा.

मी मायचं तोंड पाहत होते. कळ आली की ती म्हणायची, "दे जोर, माझी बाई, दे," आणि मला दिसायचं, तिचे ओठ नंतर किंचित हलतात. ती ओळ म्हणत होती. मी खाली ढकलत होते आणि ती वर ओढत होती. मध्येच एकदा तिनं डोळ्यांनी मला सांगितलं, अजून ठीक आहे. मी त्या कळांतही हुशारले.

मग लेकराचं डोकं आलं आणि मायचा आवाज बदलला. नाळेचा फास मानेला बसला होता. "थांब! जोर नको देऊ, फुंकर मार, फुंकर मार!" तिची बोटं आत गेली, तो फास डोक्यावरून सोडवत होती, आणि मी मरतेय असं वाटलं मला. मग ती ओरडली, "आता दे! दे जोर! दे!" तेव्हा तिला त्रिसरण आठवलं नाही, नागपूरच्या बाई आठवल्या नाहीत, काहीच आठवलं नाही. तिनं माझ्याबरोबर जोर दिला. सगळा.

लेकरू बाहेर आलं. आणि वास आला.

"होते असं, होऊ दे," काकी सवयीनं म्हणाली आणि फडकं घेऊन वाकली. माझ्याखालचं पोतेरं तिनं पाहिलं. तिथे तसलं काही नव्हतं. तिची नजर मायकडे गेली.

"माझंच हाय, काकी," मी म्हणाले. "मीच केलं."

माय जागची हलली नाही. लेकरू उपडं धरून तिनं पाठीवर थापटलं आणि माझी लेक रडली. मायनं नाळ बांधली, कापली, लेकरू पुसून माझ्या छातीवर दिलं. वार पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली, पोटावर हात ठेवून, बोलत. "झालं बाई झालं. पोरगी हाय. केस पाह्य किती." वार पडली. ती पूर्ण आहे का हे तिनं नीट पाहिलं. मग काकीला म्हणाली, "जा, पाणी तापव," आणि काकी बाहेर गेल्यावर ती उठली.

धुऊन, दुसरं लुगडं नेसून ती परत आली. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल. ती माझ्याकडे न पाहता लेकराला गुंडाळत होती.

"तू काऊन बोलली तसं?"

"मंग काय करू? काकीनं पाह्यलं ना तुझ्याकडं."

"पाहू द्याचं होतं." तिचा आवाज थरथरत होता. मला वाटलं लाजेनं, पण ती चिडली होती. "ते माझं होतं. माझं होतं, तरी मी उठली नाई. हे नाई दिसलं तुले? काकीनं समद्या गावाले सांगतलं असतं का भरल्या लुगड्यानं बसून राह्यली, पण उठली नाई. तू ते बी घेऊन घेतलं."

मी तिची अब्रू झाकायला गेले होते. आणि तिला ती झाकायची नव्हती. त्या दिवशी तरी नव्हती. मी लेकराला छातीशी धरून रडले, ती भिंतीला टेकून रडली, आणि काकी गरम पाणी घेऊन आत आली तेव्हा आम्ही आनंदानं रडतोय असं समजून तीही रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी काकीला खरं काय ते सांगून टाकलं. काकी म्हणाली, "मले काय आंधळी समजली का तू?" तिनं गावभर केलं की नाही, मला कळलं नाही. करायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. त्यानंतर मायला बोलावणं आलंही होतं, एक-दोन घरांतून. पण ती गेली नाही. मी लेक घेऊन चंद्रपूरला परत निघाले तेव्हा ती म्हणाली, "आणखी शिकतो. पक्कं झालं का मंग जाईन." सांदवाडीतून तिचा तो आवाज येतच होता, असं बाबा सांगायचे.

पक्कं व्हायला वेळ मिळाला नाही. पुढच्या रोवण्यापर्यंत तिचे डोळे पिवळे झाले. गाठ यकृतात गेली होती. नागपूरच्या डॉक्टरनं या वेळी पहिल्यासारखं वगैरे काही म्हटलं नाही, घरी न्या म्हणाला. मी लेकीला कडेवर घेऊन आले आणि राहिले.

लेकीची लंगोटं आणि मायची धोतरं मी एकाच टोपलीत घेऊन विहिरीवर जायची. माय खाटेवर पडून पाहायची. बोलणं कमी झालं होतं, पण एक गोष्ट तिनं सोडली नव्हती. तिला पुसायला मी कुशीवर वळवलं की माझ्या हाताला लागायचं, ती आतून आवळतेय. ओठ हलायचे. अंगात उठून बसायचंही बळ नव्हतं आणि ही बाई वर ओढून धरत होती. त्यानं पोटात कळ यायची, कण्हायची, पण सोडायची नाही. त्या बाईंनी शिकवलेलं आता तिला पूर्ण येत होतं. ते पाहून मला इतका संताप यायचा, की कोणावर ते कळत नसे.

एका सकाळी, बाबा डेपोत गेलेले, लेक अंगणात कोंबड्यांमागे रांगत होती, मायला फार कळ आली. तोंड वाकडं झालं. मी खाटेशी खाली बसले, तिच्या पायाशी, जिथे ती बसायची. तिच्या पोटावर हात ठेवला.

"लाजू नको बाई," मी म्हणाले. "सोड. आपलंच घर हाय."

तिनं डोळे उघडले. पिवळे डोळे, पण नजर तिचीच होती.

"तू उठशील नाई ना?"

"नाई उठत."

तिनं ओठ हलवणं थांबवलं. अंग ढिलं पडलं, आणि सगळं सुटलं. ती ओक्साबोक्शी रडली आणि मग शांत झाली. बाहेर लेक भोकाड पसरून रडायला लागली, बहुतेक कोंबडीनं चोच मारली होती. काकीनं तिला उचललं असेल. मी फडकं घेतलं, पुसलं, दुसरं घेतलं. मायचा श्वास लांब लांब होत गेला, मध्ये थांबायचा आणि पुन्हा यायचा, आणि मग आला नाही.

मी उठले नाही. बाबा आले तरी तिथेच बसून होते.